रेणूच्या हाताची मूठ

रेणूची डावखुरेपणाची खोड तिच्या आजीनं, केशरबाईनं, मोडली ती छडीनं नव्हे, गुळानं. उजव्या हातानं घास घेतला की गुळाचा खडा, उजव्या हातानं पाटी गिरवली की खडा, पाहुण्याला उजव्या हातानं पाणी दिलं की दोन खडे. केशरबाईच्या मनात काही वाईट नव्हतं. कोष्ट्यांचं घर, दारात गिऱ्हाईक बसलेलं, आणि नात लुगड्याची घडी डाव्या हातानं पुढे करते, हे तिला बघवत नसे. शाळेचं वय होईतो रेणू जेवायची, लिहायची, द्यायची-घ्यायची ती उजव्या हातानं, आणि खोड गेली म्हणून केशरबाई भंडाऱ्यातल्या ओळखीच्या प्रत्येक बाईला सांगून आली. जित्याची खोड अशी गुळानं जात असती तर आणखी काय हवं होतं!

खोड गेली नव्हती. ती फक्त बैठकीतून उठून परसात गेली होती. चिंचा पाडायला दगड भिरकवायचा तो डाव्याच हातानं, आणि तो लागायचाही तिथेच. पण चिंचा खाणारे कधी हात बघत नाहीत.

मग अकरावीत असताना रेणू मैत्रिणीबरोबर भंडाऱ्याजवळच्या शहापूरला गेली. तिथे हायवेलगतच्या एका जुन्या गोदामात भुपेंद्र सर मुलामुलींना एअर पिस्तूल शिकवायचे. सरांनी टेबलाकडे बोट करून म्हटलं, ‘‘उचल.’’ तिनं उचललं, आणि उचलणारा हात डावा होता. तिचं तिलाच नवल वाटलं. सरांनी तिला दोन्ही तळहात जोडून, मध्ये बारीक फट ठेवून, भिंतीवरचा ठिपका बघायला लावला. उजवा डोळा मिटला तरी ठिपका जागच्या जागी. डावा मिटला की गडप.

‘‘हातबी डावा, डोळाबी डावा,’’ सर खूश होऊन म्हणाले. ‘‘देवानं सारं एकाच बाजूनं देलं तुले. असं कोनाचं जमत नाही.’’

त्या बाजूचं कौतुक रेणूच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं. ती घरी आली ती गाणं गुणगुणत. मात्र कोणत्या हातानं नेम धरते ते तिनं घरात सांगितलं नाही. आजीच्या एवढ्या जुन्या विजयावर पाणी कशाला ओता?

नेम चांगला होता, अडचण मुठीची होती. या पिस्तुलांची लाकडी मूठ हाताच्या आकाराची कोरलेली असते. अंगठ्याला खळगा, तळव्याला फुगवटा, खाली हात टेकायला टेकू. क्लबातल्या साऱ्या मुठी उजव्या हाताच्या. डाव्या हातात धरलं की फुगवटा बोटांखाली यायचा आणि टेकू भलतीकडेच. सरांनी कापड गुंडाळून पाहिलं, तरी चाप ओढताना पिस्तूल हलायचंच. डाव्या हाताची तयार मूठ बाहेरून मागवायची तर पुढची दिवाळी उजाडली असती, आणि जिल्ह्याच्या संघाची निवड तर महिन्यावर आलेली. गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यापासून संघाला पोरी जमवता जमवता सरांचा जीव जायचा, पण यंदा पोरी पाच होत्या आणि जागा तीन.

एकदा रेणूचे बाबा, सेवकराम, तिला न्यायला आले तेव्हा सरांनी त्यांना बाजूला घेतलं. ‘‘हिच्या हातात मूठ बसत नाही, सेवकरामजी. हिच्याच हाताची बनवली पाहिजे. एका स्क्रूवर बसते, बाकी काही नाही.’’ नमुना म्हणून त्यांनी एक जुनी मूठही दिली. हात कोणता, हे सर बोलले नाहीत. पोरीचा हात कोणता हे बापाला कोणी सांगतं का?

सेवकराम विणकर खरे, पण मागावर आडवा धागा नेणारा धोटा ते स्वतःच शिसमाचा कोरत, आणि त्यांचा धोटा हातातून सुटला की पाण्यासारखा जाई. पोरीला चकित करायचं म्हणून ते गप्प बसले. दुसऱ्या दिवशी कणकेचा गोळा घेऊन समोर आले. ‘‘हात दे वो रेणू. बांगड्याचं माप घ्याचं हाय.’’

या घरात ‘हात दे’ म्हटल्यावर कोणता हात पुढे यायचा, ते गुळानं कधीचंच ठरवून ठेवलं होतं. रेणूनं उजवा हात दिला, बाबांनी तो कणकेत दाबून घेतला. बांगड्यांना कणीक कशाला, हे तिला विचारावंसंही वाटलं नाही. तिच्या डोक्यात नेम होता.

मूठ तयार झाली तेव्हा बाबांनी ती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून तिच्यापुढे धरली. शिसमाचा काळसर रंग, हात फिरवावा तिथे मऊ. रेणूनं ती घेतली, अर्थातच उजव्या हातानं, आणि ती अशी बसली की बोटांना जणू घर मिळालं. एक बोटही कुठे टोचलं नाही. मूठ उजव्या हाताची होती.

‘‘कशी हाय?’’ बाबांनी विचारलं. शाळकरी पोर निकालाच्या दिवशी विचारतं तसं विचारलं.

‘‘मस्त हाय, बाबा,’’ रेणू म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं, तोच तर घोळ होता.

तेव्हापासून ती उजव्या हातानं नेम धरू लागली. छर्रे कागदभर विखुरले. सरांनी कपाळाला हात लावला. ‘‘काय करून राहिली वो? चांगला हात कायले बदलवला?’’

‘‘बाबानं बनवली, सर.’’

‘‘मी सांगतो न त्याइले.’’

‘‘नका सांगू. तुमाले माही शप्पथ.’’

‘‘बापाचं मन राखजो आन् जागा घालवजो,’’ सर चिडून म्हणाले. त्यांचं चुकत नव्हतं. पण बाबांचा तो चेहरा त्यांनी कुठे पाहिला होता? संघात जायचं तिच्या मनात किती होतं, ते तिचं तिलाच माहीत. आणि तरी ती रोज चुकीच्या हातात ती सुंदर मूठ धरत होती.

निवडीच्या आदल्या दुपारी तिला राहवलं नाही. कोणाचं लक्ष नाही असं बघून ती परसात गेली, पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या डाव्या हातात घेतला आणि हात ताठ धरून कुंपणावरच्या एका खिळ्यावर नेम धरून उभी राहिली. थेंब सांडला नाही. मागे कोणीतरी खोकललं. केशरबाई.

रेणू दचकली आणि सारं पाणी पायावर सांडलं.

‘‘म्या पाहून राहिली कवापासून,’’ आजी म्हणाली. ‘‘डाव्या हातात थेंब हालला नाही तुया. बाबाची मूठ कोन्त्या हाताची हाय?’’

रेणूला रडूच आलं. हुंदक्यातून तिनं सगळं सांगितलं. केशरबाईनं ऐकून घेतलं आणि एकदम कावली. ‘‘अवो येडे, डाव्या हातानं वाढू नोको म्हनलं व्हतं म्या. नेम धरनं का वाढनं हाय? पाहुन्याच्या ताटात गोळी घालतेस का तू?’’ आणि नातीचं मनगट धरून, डावंच, ती तिला सरळ मागापाशी घेऊन गेली.

माग थांबला. केशरबाईनं चार वाक्यांत सारं सांगून टाकलं. रेणूनं पिशवीतून काढून दिलेली मूठ सेवकरामांनी उलटसुलट करून पाहिली. त्यांना लागलं होतं, आणि ते लपवायला त्यांना जमत नव्हतं.

‘‘मले काहून नाही सांगतलं?’’

‘‘तुमी एवढ्या हौसेनं बनवली, बाबा. माह्या तोंडून निंगेच ना.’’

‘‘मूठ तुयासाठी बनवली का तुले मुठीसाठी बनवलं वो?’’ ते म्हणाले आणि कानस घेऊन बसले. ‘‘नवी कोराले आता टाइम नाही. हिचाच फुगवटा काढून टाकतो. दोन्ही हाताले चालंन अशी सपाट करतो.’’

‘‘नका, बाबा!’’ तिनं त्यांचा हात धरला.

‘‘सोड वो. लाकूडच हाय.’’

लाकूडच होतं, तरी टेकूवर पहिली कानस ओढताना त्यांनी डोळे मिटले, हे रेणूनं पाहिलं. भुसा त्यांच्या मांडीवर पडत राहिला. मधेच त्यांनी अंदाज घ्यायला म्हटलं, ‘‘हात दे,’’ आणि तिनं उजवा पुढे केला.

‘‘घ्या, आता म्याच गूळ आनतो!’’ केशरबाई ओरडली. तिघंही इतकी हसली की रेणूची आई गीताबाई चूल सोडून बघायला आली.

मूठ झाली ती आधीसारखी देखणी नव्हती. एका अंगाला कानशीचे ओरखडे राहिले होते. पण डाव्या हातात ती निमूट बसली.

निवडीला बाबा आणि आजी दोघंही शहापूरला आली. गोदाम अरुंद, बघणाऱ्यांचं बाकडं उजव्या भिंतीशी, जरा मागे टाकलेलं. पाचही मुली रेघेवर उभ्या राहिल्या. उजव्या हातानं नेम धरायचा तर अंग डाव्या भिंतीकडे वळतं. चौघी तशाच वळल्या. रेणू एकटी उलट वळली, आणि बाकडं नेमकं तिच्या समोर आलं. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. आजीचे ओठ हलत होते, देवाचं नाव चाललं असावं. रेणूनं त्यांच्याकडे बघितलं, श्वास सोडला, मान निशाण्याकडे वळवली आणि डावा हात उचलला. हात हलला नाही.

ती तिसरी आली. सरांनी नाव वाचलं तेव्हा आजीनं दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर गाडीपाशी आल्यावर रेणूनं हळूच म्हटलं, ‘‘तुमची मूठ खराब झाली, बाबा.’’

‘‘खराब कायले?’’ सेवकराम म्हणाले. ‘‘बाकीच्या पोरीईच्या बापाईले पाठच दिसली वो. मले तुयं तोंड दिसलं.’’