थाकांचं लाल दार

प्यो इन-सुकने तेरावा भाग लिहायला घेतला आणि फोन वाजला. निर्माता नाम तै-सिक. हा माणूस सकाळी सकाळी फोन करतो तेव्हा चांगली बातमी कधीच नसते; चांगल्या बातम्या तो स्वतःजवळ ठेवतो.

"मॅडम, चॅनेलच्या दारात म्हातारे उभे आहेत."

"कोण म्हातारे?"

"पांढरे झगे, घोड्याच्या केसांच्या काळ्या टोप्या, हातात फलक. 'आमच्या पूर्वजांची बदनामी थांबवा.' सोरयांगचे थाक म्हणे. आपल्या खलनायकाला तुम्ही सोरयांगचा थाक कशाला केलात हो? देशातली आडनावं संपली होती?"

इन-सुकने कपाळाला हात लावला. आडनावं संपली नव्हती, तिचीच अक्कल संपली होती.

'महाराज, पार्सल आलंय!' ही तिची मालिका. आजच्या सोलमधली, स्कूटरवरून तळलेलं चिकन पोचवणारी एक पोरगी पुलावरून नदीत पडते आणि डोळे उघडते ती थेट राजेरजवाड्यांच्या काळात, एका मंत्र्याच्या विधवा सुनेच्या अंगात. मंत्र्याला हवंय, सुनेने नवऱ्यामागे जीव द्यावा. म्हणजे दरबाराकडून घराण्याला लाल दार मिळेल. पतिव्रतेचा मान म्हणून वेशीवर उभं करतात ते. पण ही पोरगी मरायचं सोडून कोंबडी तळते, ती कोंबडी राजाच्या पानात जाते आणि राजा तिच्यावर फिदा होतो. शुद्ध वेडेपणा होता सगळा, पण लोक जेवणं टाकून बघत होते.

मागच्या मालिकेत तिने एका कपटी मंत्र्याला कुठलंसं नामांकित कूळ दिलं, तर त्या कुळाचं मंडळ चॅनेलवर चालून आलं आणि चार भाग पुन्हा चित्रित करावे लागले. या देशात नुसतं आडनाव असून भागत नाही, ते कुठल्या गावचं ते सांगावं लागतं, नाहीतर प्रेक्षकांना माणूसच खोटा वाटतो. मग या वेळी तिने विचार केला, परक्याची भानगड नको, हाताशी आहे ते कूळ घ्यावं. हाताशी काय होतं? सासरचं. म्हणजे माजी सासरचं. खेड्यातले म्हातारे, ते कुठे बघताहेत राजाराणीच्या प्रेमाचा तमाशा! आणि खरं सांगायचं तर मनात थोडी खुमखुमीही होती. नवऱ्याला सोडून ती त्या घरातून निघाली तेव्हा सासरा सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणाला होता, "तू गेलीस म्हणून या घरातलं काही कमी होत नाही." ते वाक्य तिने सातव्या भागात जसंच्या तसं मंत्र्याच्या तोंडी घातलं होतं.

त्यात कलाविभागाने उत्साहाच्या भरात सोरयांगचा फोटो शोधून तिथलं लाल दार हुबेहूब उभं केलं. शेजारचं वाकडं पर्सिमनचं झाडसुद्धा! ते इन-सुकने थेट पडद्यावरच बघितलं, पण तोवर भाग निघून गेला होता.

"त्यांच्या मंडळाचा शिक्का हवा," नाम म्हणत होता. "आमची हरकत नाही, एवढ्या दोन ओळींवर. त्याशिवाय शनिवारी तेरावा भाग जाणार नाही, आणि तेरावा नाही गेला तर पुढचे तीनही नाहीत. उद्या गावात त्यांच्या पितरांची मोठी पूजा आहे, सगळे जमणार आहेत. त्यांनी तुम्हालाच बोलावलंय. जा आणि पाया पडा."

"मी नाही पडणार."

"मग गुडघे टेका. काहीही करा. पण शिक्का आणा, मॅडम."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सोरयांगला पोचली. वेशीवर लाल दार होतं. त्याखाली पोरं उभी राहून फोटो काढत होती आणि त्यातली एक मालिकेतल्या विधवेसारखं डोळे फिरवत होती. इन-सुक मान खाली घालून भराभर पुढे निघाली.

पितरांच्या दालनात तिला थेट आत नेलं. याची गंमत अशी, की सतरा वर्षं या घराची थोरली सून होती तेव्हा कुणी तिला हा उंबरा ओलांडू दिला नव्हता. बायकांनी रांधायचं आणि ताटं पायरीपर्यंत आणून द्यायची, आत वाकून नमस्कार करणार पुरुष. आज आरोपी म्हणून आली तर बसायला उशी!

समोर म्हाताऱ्यांची ओळ होती. मधोमध तिचा माजी सासरा थाक ब्योंग-सोप, मंडळाचा अध्यक्ष, कमरेला शिक्क्याची कापडी पिशवी. तो बोलत नव्हता. बोलायचं काम त्याचा धाकटा भाऊ म्योंग-हो करत होता. हा निवृत्त मुख्याध्यापक, आणि आवाज अजून मैदानावरचा.

"सूनबा—" त्याने जीभ चावली. "लेखिकाबाई. तुम्ही आमची बदनामी केलीत."

"कुणाची, काका? सोरयांगच्या थाकांमध्ये मंत्री कधी झालाच नाही. धान्यकोठाराचा कारकून, त्याच्या वर कुणी गेलं नाही. तुम्हीच सांगायचात."

"झाला असता तर असा नसता झाला!"

ओळीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. इन-सुकने एक लांब श्वास घेतला.

"आणि त्याच्या टोपीला मण्यांची माळ का नाही?" म्योंग-हो पुढे सुटला. "भिकाऱ्यासारखा दिसतो. नवव्या भागात दरबारात पायी जातो. पायी! थाकांचा मंत्री! एक घोडा नाही मिळाला तुमच्या चॅनेलला?"

"दहाव्यात घोडा होता," कोपऱ्यातून दुसरा म्हातारा म्हणाला.

"गाढव होतं ते."

"घोडा होता. मी दोनदा बघितला तो भाग."

"काका, तुम्हाला तो मंत्री नको आहे की जास्त हवा आहे?" इन-सुकचा आवाज चढला. "एकदा ठरवा! मी सगळं सोडून, तीन तास गाडी हाकत आले, ते घोडा की गाढव हे ऐकायला?"

घसा साफ करून म्योंग-हो मुद्द्यावर आला. दाराचा मुद्दा. लोक म्हणायला लागले होते, की वेशीवरचं ते खरं दारही थाकांनी सुनेला मारूनच मिळवलं. तेव्हा तेराव्या भागात सुनेने राजाला साफ नकार द्यायचा आणि नवऱ्याच्या आठवणीने, स्वखुशीने प्राण सोडायचा. मंत्र्याने ढसाढसा रडायचं. मग दार. "असं लिहून दिलंत तर दादा शिक्का मारतील. नाहीतर कोर्ट आहेच."

"ती मेली तर मालिका कशावर चालवू? नायिका आहे ती!"

"तिचा आत्मा जाऊ दे की परत सोलला, स्कूटरवर. आमचं काही म्हणणं नाही. देह मात्र आमच्या सुनेचा. तो इथेच राहील."

इन-सुकने सासऱ्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. तिला इतका संताप आला, की उठून निघून जावं. पण शनिवारी भाग गेला नाही तर शंभरेक माणसं घरी बसणार होती. त्या विधवेचं काम करणारी पोरगी कितीतरी वर्षं दासी आणि प्रेतं वठवून आता कुठे नायिका झाली होती. हिशोब काय तो स्पष्टच होता. एक बाई मारायची, तीही कागदावर. आजवर तिने कागदावर कमी का माणसं मारली होती?

"लिहिते," ती म्हणाली, आणि ते म्हणताना तिला स्वतःची शिसारी आली.

घसा कोरडा पडला होता. सवयीने पाय स्वयंपाकघराकडेच वळले.

आत तेलाचा धूर कोंदला होता. खाली वर्तमानपत्रं पसरून, मोठाले तवे मांडून सगळ्या सुना बसल्या होत्या. माशाचे काप, कोहळ्याचे काप, तोफू, पिठात घोळवायचं, अंड्यात बुडवायचं, तव्यावर सोडायचं. मधोमध तिची माजी सासू उम माल-सून, ऐंशीची, पाठीतून वाकलेली, हातात उलथनं. तिला काय म्हणून हाक मारायची हे इन-सुकने वाटेत ठरवलं होतं. 'बाई' म्हणायचं. परकं, पण व्यवस्थित.

"आई, पाणी आहे का?" तोंडातून गेलंच.

म्हातारीने वर न बघता लोटा पुढे सरकवला. "काय ठरलं आत?"

"काही नाही."

"नीट सांग. तिचं लग्न होतंय ना राजाशी?" हे ह्ये-रानने विचारलं. ती म्योंग-होची सून. तिने हातातला मासा तसाच धरला होता. "तो चंद्राखाली म्हणाला ना तिला, उद्याही तळशील का म्हणून? मी इथे बसून रडले हो!"

"मरणार आहे ती," इन-सुक म्हणाली. "शनिवारी. स्वखुशीने. तुमच्या सासऱ्यांनी कबूल करून घेतलंय."

"काय?"

"नाही मारलं तर शिक्का नाही, आणि शिक्का नाही तर मालिका बंद. झालं समाधान? आता मला विचारू नका काही, माझं डोकं फुटायची वेळ आलीय."

तव्यावरचे काप तेवढे चरचरत होते. मग माल-सून पुढे वाकली आणि तिने शेगडी बंद केली. तिच्याकडे बघून ह्ये-रानने आपली बंद केली. मग एकेकीने, शेवटच्या तव्यापर्यंत.

"आई, हे काय?" इन-सुक घाबरली. "पूजा आहे आज!"

"आहे की. त्यांच्या पितरांची आहे." म्हातारी भिंतीला टेकली आणि तिने पाय लांब केले. "माझे पितर उमांचे, या ह्ये-रानचे ब्योनांचे. लग्न करून बाईचं आडनाव बदलत नाही, मग थाकीण आहे का इथे एक तरी? बसा गं जरा. पाठ दुखते."

दालनात टोप्या सारख्या झाल्या, धूप पेटला, विधी सांगणाऱ्याने आरोळीही ठोकली आणि ताट काही येईना. पूजा दुपारच्या आत उरकायची. बुसानहून, दैगूहून भाऊबंद आलेले. शेवटी म्योंग-हो स्वतः दाराशी आला.

"अहो वहिनी, मासे कुठायत?"

"टोपलीत."

"तळलेले?"

"तुमचे पितर, भावजी. तुम्हीच तळा. सोपं आहे."

"ह्ये-रान! पेटव ती शेगडी."

"हात दुखतोय, बाबा," ह्ये-रान म्हणाली. "स्वखुशीने दुखतोय."

म्योंग-होने झग्याच्या लांब बाह्या सावरल्या, एक काप उचलला आणि पीठ विसरून सरळ तेलात टाकला. तेल उडालं. तो जो ओरडला, तो दालनापर्यंत ऐकू गेला. त्या ओरडण्यानेच ब्योंग-सोप उठून आला. उंबऱ्याबाहेर थांबला. या उंबऱ्याच्या आत यायची त्याला तरी कुठे सवय होती!

"उठ," तो बायकोला म्हणाला. "शोभतं का हे?"

"एक विचारू?" माल-सून म्हणाली. "ते दार ज्या पोरीचं आहे, तिचं नाव काय?"

"यून घराण्यातली."

"ते घराणं झालं. नाव?"

तो कमरेची पिशवी चाचपू लागला.

"मी या घरात आले तेव्हापासून त्या दाराखाली झाडू मारतेय. तिच्या नावाने ताट वाढतेय. वय काय होतं हो तिचं? काय खाल्लं तिने त्या दिवशी? कुणी दिलं आणून? तुम्हाला माहीत नाही, मला माहीत नाही. स्वखुशीने मेली एवढं मात्र सगळ्यांना माहीत." म्हातारीचा आवाज फुटला. "ही टीव्हीतली पोरगी राजाकडे जातेय तर जाऊ द्या की! एक तरी जाऊ दे या घरातून जिवंत!"

ब्योंग-सोप उभाच राहिला. दालनातून पुन्हा आरोळी आली, पहिलं ताट आणा. त्याची नजर थंड पडलेल्या तव्यांवरून, बायकांवरून फिरत इन-सुकवर आली आणि लगेच खाली गेली. माफीबिफी त्याला जन्मात जमली नव्हती. आज जमेल अशी आशाही कुणी धरली नव्हती.

"कागद दे," तो म्हणाला.

"दादा!" म्योंग-हो ओरडला.

"पितर उपाशी बसलेत. तू तळणार आहेस?"

इन-सुकने पर्समधला 'हरकत नाही'चा कागद काढला. म्हाताऱ्याने वाकून तो उंबऱ्यालगतच्या, पिठाने माखलेल्या पाटावर ठेवला, पिशवीतून शिक्का काढला आणि इतका जोरात दाबला, की लाल शाई कडेने पसरली. मग पाठ फिरवली. जाता जाता कुणाकडेही न बघता म्हणाला, "मंत्र्याला घोडा मात्र द्या."

शेगड्या पुन्हा पेटल्या. ह्ये-रान हसत होती, डोळे पुसत होती आणि त्याच हाताने मासे उलटत होती. इन-सुकला जायची घाई होती. तेरावा भाग अजून लिहायचा होता, नामचे सतरा फोन येऊन गेले असतील. पण ती सासूशेजारी बसली आणि तिने पिठाचं ताट पुढे ओढलं.

"आई, माझ्यासाठी कशाला एवढं केलंत? आता तुम्हाला वर्षभर टोमणे ऐकावे लागतील."

"तुझ्यासाठी नाही." माल-सूनने काप उलटला. "तू निघालीस तो दिवस आठवतो? पूजेचाच दिवस होता. तिकडे ते तुला बोलत होते, मला इथे सगळं ऐकू येत होतं. मी तळत राहिले. ताट वेळेवर गेलं त्या दिवशी, अगदी वेळेवर." तिने उलथनं खाली ठेवलं. "त्याच दिवशी बंद करायची होती गं मी शेगडी."