सांगाल तो भाव

शिंपीकाका म्हणजे अव्वल नंबरचे कवडीचुंबक. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, ही म्हण त्यांच्या दुकानासमोर उभं राहूनच कुणीतरी रचली असावी. उरलेल्या चिंध्यांतून त्यांनी पिशव्या शिवल्या, उशा शिवल्या, लेकीच्या बाहुल्यांचे संसार शिवले. समोरच्याने सांगितलेला भाव काकांनी मुकाट्याने दिला, असं बायकोने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

आणि तिथेच तर सगळी गोची होती! बायकोला तपासल्यावर डॉक्टरांनी काकांना एकट्याला आत बोलावून सांगितलं होतं, आता फार दिवस नाहीत, त्यांना हवं ते करू द्या. काका बाहेर आले आणि म्हणाले, "पित्त आहे गं. हवापालट करायला सांगितलंय." तिच्या आईला अशा वेळी खरं सांगून टाकलं होतं. त्या माउलीने भिंतीकडे तोंड फिरवलं, ते शेवटपर्यंत. बायकोच्या मनात एकच होतं, एका जुन्या तीर्थनगरीत जाऊन एकदा देव पाहायचा. तेवढं होईपर्यंत काकांना तोंडाला कुलूप लावायचं होतं.

मग चांगलं हॉटेल घेणार तरी कसं? हात जरा सैल सोडला असता, तर तिला लगेच संशय आला असता. म्हणून बसची मागची सीट, दगडी वेशीबाहेरची स्वस्तातली धर्मशाळा आणि तिसरा मजला. ती जिन्यावर दर वळणाला थांबत होती, आणि काका खाली मॅनेजरशी जादा उशीच्या भाड्यावरून भांडत होते. भांडता भांडता त्यांनी बाहीने डोळे पुसले.

"अहो, एका उशीसाठी रडताय काय?" मॅनेजर म्हणाला.

खोलीला ओल आली होती. खिडकी उघडली की समोर भिंत. ती पलंगावर टेकली, धापा टाकत हसली. "निदान देवाच्या दारी तरी हात सैल सोडा की हो. वर काय गाठोडं बांधून नेणार आहात?"

"उधळायला मी काय जहागीरदार लागून गेलोय?" काका म्हणाले. त्यांना स्वतःची जीभ हासडून टाकावीशी वाटली.

सकाळी ती दोघं देवस्थानाच्या पायऱ्या चढू लागली. शेकडो वर्षांच्या पावलांनी दगड मधोमध झिजले होते. निम्म्यावर आल्यावर ती मटकन बसली. ओठ निळे पडले होते. "तुम्ही जाऊन या," ती म्हणाली. "माझा नमस्कार सांगा."

थकलेल्यांना खुर्चीत बसवून वर नेणारे खुर्चीवाले टपलेलेच होते. घासाघीस होणार हे धरून त्यांनी भाव दुप्पट सांगितला.

"उचला," काका म्हणाले. "सावकाश न्या. हिसका बसू देऊ नका."

खुर्चीवालेच चपापले. तिला बसवून त्यांनी खुर्ची उचलली, तेव्हा ती काकांकडे एकटक बघत होती. काकांच्या ध्यानात आलं. ते घाईघाईने ओरडले, "अरे, लूट आहे का ही? कमी करा काहीतरी!"

"राहू द्या," ती म्हणाली. "किती दिवस म्हणाले डॉक्टर?"

काका तिचा पदर सारखा करू लागले.

"खाली न्या रे मला."

"अगं, निम्म्याच पायऱ्या राहिल्यात. देव समोर आहे गं. तुझ्या पाया पडतो!"

तिने आईसारखंच तोंड फिरवलं, देवाकडे पाठ करून.

"खाली न्यायचेही तेवढेच पडतील," खुर्चीवाला म्हणाला.

काकांनी पाकीट काढलं आणि सगळंच त्याच्या हातात दिलं.