हंबीररावांचं पाणी

"काका, तो फळा पुसा आता. ॲप गावात चालू होऊन महिना झाला," विश्वजीत म्हणाला.

"थांब जरा. चुकलंय माझं," मधुकाका म्हणाले.

कुपवाडला एका वर्कशॉपच्या माडीवर विश्वजीतचं हे सॉफ्टवेअरचं ऑफिस. मालक तिशीतला, मधुकाका पंचावन्नचे. काकांचं काम दिसायला अगदीच किरकोळ. ॲप लिहिण्याआधी गावात जायचं, लोकांशी बोलायचं आणि तिथल्या व्यवहारात कोण कोण आहे, कुणाचं कशाशी काय नातं आहे, ते चौकोन आणि रेघा काढून मांडायचं. त्या आराखड्यावर पोरं ॲप उभं करायची. आराखडा चुकला की वरचं सगळंच चुकतं, पण हे सांगायचं कुणाला? लोकांना रंगीत बटणं दाखवली की पुरतं.

आटपाडीकडच्या एका गावात सामायिक विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या काकांनी अशाच मांडल्या होत्या. एक चौकोन शेतकऱ्याचा, एक पाण्याचा, मधे रेघ. "मंगळवारचं पाणी कुणाचं?" त्यांनी विचारलं. जमलेले सगळे एका आवाजात म्हणाले, "हंबीररावांचं." काकांनी तसं मांडलं.

हंबीरराव वारून बरीच वर्षं झाली होती, पण पाण्याला नाव अजून त्यांचंच. एका मंगळवारी ते धाकटा मुलगा जयराज घ्यायचा, पुढच्या मंगळवारी थोरल्याची बायको दीपमाला. थोरला फौजेत होता, तिथेच वारला. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, म्हणूनच कुणी सांगितलं नाही. ॲपला मोबाईल नंबर लागला, कुणीतरी जयराजचा दिला आणि सगळे मंगळवार जयराजचे झाले. तो गप्प बसला. सख्खा दीर हो!

सकाळी दीपमालाचा फोन आला होता. "आवं सायेब, धुळा म्हंतोय, मोबाईलात तुमचं नाव न्हाई, मी व्हॉल्व्ह कसा उघडू? भाऊजी म्हंत्यात, कंपनीला इचार. डाळिंब फुलावर हाय वो. फूल गळाय लागलंय."

काकांनी लगेच धुळाला, विहिरीवर पाणी सोडणाऱ्या गड्याला, फोन लावला. "मला कशाला मधी घालताय? मोबाईलात येऊ द्या, मग उघडतो," एवढंच तो म्हणाला.

"तिला नवीन शेतकरी म्हणून टाका की," विश्वजीत म्हणाला.

"मग नवीन वार द्यावा लागेल. कुणाचा काढून देऊ? अरे, पाणी माणसाचं नाहीच, घराचं आहे. मधे घराचा चौकोन हवा होता."

"म्हणजे सगळं पहिल्यापासून? पोरं दुसऱ्या कामाला लावलीत, काका. एका बाईसाठी…"

"गाढवा, इतकी वर्षं ती माणसं न भांडता पाणी वाटून घेत होती. ते मी मोडलं. चोरी केल्यासारखं वाटतंय मला!"

मधुकाकांचा आवाज चढलेला ऑफिसात कुणी ऐकला नव्हता. विश्वजीत उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा म्हणाला, "पोरांतल्या अंकिताला मदतीला घ्या. पण आठवड्यात उरका."

आठवड्याचे दोन झाले. मग एका मंगळवारी काका स्वतःच एसटीने गावात गेले.

दीपमालाच्या मोबाईलवर अक्षरं उमटली: 'आजचं पाणी: हंबीररावांचं घर. घेणार: दीपमाला.' धुळाने तिच्या हातातला मोबाईल पाहिला आणि मुकाट्याने व्हॉल्व्ह फिरवला. बांधापलीकडे जयराज उभा होता. तो गाडीला किक मारून निघून गेला.

ती काकांना बागेत घेऊन गेली. झाडांखाली वाळक्या लाल फुलांचा सडा पडला होता. वर फांद्यांवर पानांशिवाय काही उरलं नव्हतं.

"ह्या सालाचं गेलं," ती म्हणाली.

काका म्हणाले, "ताई, चूक माझी होती."

"व्हय," दीपमाला म्हणाली.

तिने पदर खोचला. ठिबकच्या नळ्यांतून पाणी सुटलं होतं. एकेका झाडाशी वाकून, फुलं बाजूला सारून, पाणी मुळाशी पोचतंय का ते बघत ती ओळीच्या टोकापर्यंत गेली आणि दुसऱ्या ओळीला लागली.