पपनस सोलण्याचा मान

लमईताई सगळं सुरीनं करते, हेच प्रानोमच्या डोक्यात जायचं. थायलंडमधल्या नाखोन पथोमच्या विहारात मोठ्या भंतेजींसाठी पपनस सोलायला दोघी बहिणी बसल्या, तर ताईनं आल्या आल्या सुरीच काढली.

"अगं, सुरीनं फोडी चिरतात, सगळा रस ताटात गळतो!" प्रानोम कडाडली. "पपनस बोटांनीच सोलावं."

"तुझ्या बोटांनी? पांढरा पापुद्रा तसाच राहतो नि कडूजहर लागतं. गेल्या वर्षी भंतेजींनी तोंड कसं केलं होतं, आठवतंय?"

"ते तुझ्या रश्श्यामुळे!"

मग प्रानोमनं एकेक फोड मोत्यासारखी अख्खी काढली. तिच्यावर कडी करायला ताईनं सालीचं कमळ कोरायला घेतलं. भंतेजी जेवण उरकून फळाची वाट बघत बसले होते. शेवटी दोन्ही ताटं पुढे सरकली, आणि तेवढ्यात दुपारच्या बाराचा नगारा वाजला. आता उद्या पहाटेपर्यंत भिक्षूंना घासभर खायची सोय नाही.

"बघ, तुझ्या कमळापायी!"

"माझ्या? आणि तुझे मोती?"

भंतेजींनी रसरशीत फोडी डोळे भरून पाहून घेतल्या आणि उठता उठता म्हणाले, "उद्या केळी आणा. मी सोलीन."