दोऱ्याची खाच

मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर माप पाठवतात, मी लॅबमध्ये बसून दात लावून देतो. लॅब म्हणजे काय, एक खोली, एक मोटर, प्लास्टरची पोती आणि मधे एक पडदा. माझ्या कवळीने लोक जेवतात, भांडतात, एकाने तर दुसरं लग्न केलं. मला बोलावलं नाही. वरात चुकल्याचं काही नाही, पण माझे दात कसे दिसले ते बघायचं होतं.

खोड्या काढणं हा माझा जोडधंदा. लहानपणापासून. आणि माझं कायमचं गिऱ्हाईक म्हणजे माझा मोठा भाऊ. दादा माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा, शिंपी, अंगाने काटकुळा, चेहऱ्याने गंभीर. अशा माणसाला हसवण्यात जी मजा आहे ती हसऱ्या माणसाला हसवण्यात नाही. मी त्याच्या पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून ठेवायचो, टेपमधले पहिले तीन इंच कापून परत चिकटवायचो. तो आधी शिव्या द्यायचा. मग खांदे हलायला लागायचे, आणि मग यायचं ते हसू. हसूच्या शेवटी शिट्टी वाजायची. सीऽऽऽ. एकदम बारीक, कुकर होण्याआधी सूर धरतो तशी.

ही शिट्टी त्याच्या पुढच्या दातातून यायची. बेचाळीस वर्षं माणसाने दोरा दाताने तोडला. कात्री हाताशी असायची. आत काजं-बटणं करत बसलेली वहिनी ओरडायची, "अहो, कात्री काय शोभेला ठेवलीय?" हा ऐकतोय कुठला. दोऱ्याने दाताला हळूहळू खाच पाडली, आणि खाचेतून हसताना वारा जायला लागला.

आता खरी गंमत सांगतो. वहिनीला वाटायचं, आपल्यालाच हाक मारली. शिट्टी वाजली की आतून आवाज यायचा, "आले, आले! काय झालं? मलाही सांगा की." हातात सुई, तोंडात बटण. मग तिच्यासाठी सगळा विनोद पहिल्यापासून परत सांगायचा. दुसऱ्यांदा सांगताना दादा पहिल्यापेक्षा जास्त हसायचा. चाळीस वर्षांत त्या घरात एकही विनोद एकदाच सांगितला गेला नाही.

दोन वर्षांपूर्वी वहिनी गेली. वर्षभरात दादाचे दातही हलायला लागले. सगळे काढावे लागले. मी म्हटलं, हाच मोका आहे. माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर कवळी मी त्याच्यासाठी केली. एकेक दात मोत्यासारखा, रंग जुळवलेला, ओळ सरळ. घातल्यावर तो पन्नाशीचा दिसायला लागला. आमची ही म्हणाली, "भावजींना परत बघायला येतील लोक." मी छाती फुगवून फिरलो.

आणि दादा हसायचा बंद झाला.

आधी मला वाटलं, दुःख आहे, वेळ लागेल. मग तो जेवायचा कमी झाला. दुकान दुपारी उघडायचं, कधी नाहीच. शर्ट अंगावर लोंबायला लागला. शिंप्याचा शर्ट लोंबतो म्हणजे बघा. मी त्याला डॉक्टरकडे नेलं. रक्त, छाती, साखर, सगळं तपासलं, सगळं ठणठणीत. दादाला बाहेर बसवून डॉक्टर मला म्हणाले, "यांना काही झालेलं नाही. पण यांना पुढे जायचंच नाहीये. आनंदी माणसं जास्त जगतात म्हणतात. आनंदाने आयुष्य वाढतं, की तब्येत चांगली म्हणून माणूस आनंदी असतो, ते मला विचारू नका. पण यांना खूश ठेवा. असेच राहिले तर मला काळजी वाटते."

मी म्हटलं, "किती खूश? जेवणाआधी की नंतर?"

ते हसले. मला हसू आलं नाही. बाहेर बाकावर दादा बसला होता, गुडघ्यावर हात ठेवून, ज्याची गाडी सुटून गेलीय अशा माणसासारखा.

मग मी कंबर कसली. आवाज बदलून त्याला फोन केला, "तीन पायांची पँट शिवून मिळेल का?" पूर्वी याच्यावर आठवडाभर हसला असता. म्हणाला, "माप पाठवा." त्याच्या डब्यात चावी दिली की कडकड वाजणारे दात ठेवले. त्याने ते पुसून परत आणून दिले. "तुझं काहीतरी राहिलं होतं." शेवटी मी चिडलो. म्हटलं, "दादा, एवढी फस्क्लास कवळी करून दिली, आणि तू तोंड मिटून बसतोस! झालंय काय तुला?"

तो म्हणाला, "तुझी कवळी चांगली आहे रे. पण हसलं की वाजत नाही."

"काय वाजत नाही?"

"ती येणार नाही ते मला माहितीये. मी काय वेडा आहे का? पण निदान मी हाक तरी मारत होतो. आता हसलो तर नुसतं हसू होतं. आत कुणाला ऐकू जात नाही."

मी, जन्मभर दात बघणारा माणूस. भावाच्या तोंडात सगळ्यात मोलाची चीज होती ती खाच, आणि मी तीच बुजवून वर पॉलिश मारलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुसरी कवळी करायला घेतली. पहिली त्याला रोज घालायला, दुसरी लॅबमध्ये कामाला. कामाच्या कवळीत खाच पाडायची. पण केवढी? फोटोत बघावं, तर दादा प्रत्येक फोटोत तोंड शिवल्यासारखा उभा. खरे दात तर डॉक्टरांच्या कचऱ्यात गेले. मी अंदाजाने कानस उचलली, तर दादाने माझा हात धरला.

"ती खाच कानशीने पडली नव्हती. दोऱ्याने पडली होती. दोऱ्यानेच पाडायची."

"बेचाळीस वर्षं लागतील, दादा."

"मग बसू."

तर असं आमचं सुरू झालं. कोटाचा जाड दोरा, त्याला पॉलिशची ओली पूड, आणि दादा दुपारी माझ्या टेबलाशी बसून कवळीच्या पुढच्या दातावर दोरा मागे-पुढे ओढतोय. तासभर ओढायचं, धुवायचं, कवळी तोंडात घालायची, फुंकायचं. फुस्स. परत काढायची. मधे चहा. मधे माझ्या बायकोची चेष्टा. मधे वहिनीच्या गोष्टी. दोन वर्षांत ज्याने तिचं नाव काढलं नव्हतं तो सांगायला लागला, तिने एकदा गिऱ्हाइकाच्या कोटाला सगळी बटणं आतल्या बाजूने कशी लावली होती.

आठव्या दिवशी फुस्सच्या शेपटाला जरासा सूर लागला. दादा खुर्चीतून उठलाच. "ऐकलंस? ऐकलंस?" त्या दिवशी तो माझ्याकडे जेवला. परत मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आला.

आणि मला घाम फुटला. अजून दोन-तीन दिवसांत शिट्टी लागणार. मग? मग हा कशाला येणार? हाक मारून होईल, आतून कुणी येणार नाही, आणि हा परत त्या बाकावर जाऊन बसेल.

मी काय केलं असेल, ओळखा. तो घरी गेला की मी दाताच्या रंगाचं मटेरियल कालवायचो, काडीच्या टोकावर घ्यायचो आणि खाचेचा अर्धा तळ भरून टाकायचो. वरून घासून एकसारखं. दर तीन-चार दिवसांनी. आयुष्यात एवढी सफाईदार लबाडी मी कधी केली नव्हती. दुसऱ्या दिवशी दादा कवळी उजेडात धरून म्हणायचा, "कठीण आहे बाबा हा दात. पुढे सरकतच नाही." मी म्हणायचो, "बेस्ट क्वालिटी आहे."

असे पाच महिने. दादाचं वजन वाढलं. दुकान सकाळी उघडायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "काय दिलंत यांना?" मी म्हटलं, "दोरा."

मग एक दिवस दादाने दोरा हातात घेतला, बोटाला गुंडाळला आणि तसाच बसून राहिला.

"काल परत भरलंस वाटतं."

मी चहा त्याच्यापुढे सरकवला. "काय भरलं?"

"अरे, बेचाळीस वर्षं रफू केलंय मी. कुठे काय भरलंय ते बोटाला कळतं. मला शिकवतो."

"कधी कळलं?"

"पहिल्याच वेळी."

"मग बोलला का नाहीस?"

"तू एवढा खूश दिसायचास. म्हटलं, करू दे पोराला. याचंही आयुष्य वाढेल."

चोपन्न वर्षांच्या माणसाला पोरगा म्हणाला. मी खाली बघून टेबल पुसायला लागलो.

"पण आज पूर्ण करू," दादा म्हणाला. "आज भरायचं नाही."

नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. त्याने दोरा ओढायला घेतला. मी चहा केला, तो निवला, परत केला. शेवटी त्याने कवळी धुतली, तोंडात बसवली आणि माझ्याकडे वळला.

"नुसतं फुंकून उपयोग नाही. हसव मला."

आणि काय सांगू, मला एकही गोष्ट सुचेना. जन्मभर याच एका माणसाला हसवत आलो, आणि ऐन वेळी डोकं कोरं. मी तोंड उघडलं, मिटलं. परत उघडलं. कान गरम झाले. दादा बघत होता. मग त्याचे खांदे हलले.

सीऽऽऽ.

आम्ही दोघांनीही पडद्याकडे बघितलं. एकाच वेळी. पडद्यामागे माझी प्लास्टरची पोती आहेत, दुसरं काही नाही. तरी बघत राहिलो. रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला, कुणीतरी कुणाला तरी सावकाश जायला सांगितलं. बटणं तोंडात धरून 'आले, आले' म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ गेला. त्याच्यापेक्षा थोडा जास्तच.

दादाने कवळी काढली, वाटीत ठेवली. बोळक्या तोंडाने म्हणाला, "खालचा लागतोय."

"काय?"

"सूर. जुन्या शिट्टीचा याच्यापेक्षा वरचा होता. एवढ्याने तिला आत ऐकू गेलं नसतं."

ती शिट्टी मी चाळीस वर्षं ऐकलीय. झोपेतही ओळखेन. अगदी तीच होती, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. मी दादाच्या तोंडाकडे बघितलं. चेहरा गंभीर. पँटचे पाय शिवलेले सापडल्यावर सुरुवातीला व्हायचा, तसा.

"खालचाच होता," मी म्हटलं.

"मग? भर ती खाच. उद्या परत बसू."

मी कप्प्यातून मटेरियलची डबी काढली, पहिल्यांदाच त्याच्यासमोर. त्याने चष्मा लावला आणि खुर्ची पुढे ओढली.

"आणि रंग नीट जुळव," तो म्हणाला. "मागच्या वेळी पिवळट मारलं होतंस."