लिबुशे हसते ती जागा

आमच्या गावात तो सिनेमा मुकाट्याने कुणी बघतच नाही. सिनेमावाले प्राग सोडून इथे शूटिंगला आले होते, कारण आमचा चौक अजून जुन्या काळातलाच दिसतो. अख्ख्या गावाला केसांचे टोप चढवले आणि त्या थोर संगीतकाराची अंत्ययात्रा आमच्याच रस्त्यावरून काढली. तेव्हापासून दरवर्षी पानगळीत व्यायामशाळेच्या हॉलमध्ये तो लागतो, आणि पडद्यावर आपलं माणूस दिसलं की सगळे नाव घेऊन ओरडतात.

माझी शेजारीण ब्लाझेना त्या ओरडण्यासाठीच यायची. तिची मुलगी लिबुशे त्या अंत्ययात्रेत होती. सगळे मुळूमुळू रडताहेत आणि ढोलाचा ठोका पडताच ही बया फिसकन हसली! पुढच्याच हिवाळ्यात तळ्यावरचा बर्फ फुटला आणि पोरगी गेली. नंतर ब्लाझेनाचे डोळेही गेले. तरी ढोल वाजला की हॉल ओरडायचा, "आली गं, लिबुशे आली!" ती तोंडभर हसायची आणि त्यावर वर्ष काढायची.

जुनी प्रत झिजून तुटली म्हणून यंदा नवी आणली, म्हणे साफसूफ केलेली. आम्हाला वाटलं, रंग उजळले असतील.

"अरे, तो बघा आपला खाटीक! सरदार झालाय मेला!"

"त्याच्यापेक्षा घोडा रुबाबदार दिसतोय!"

ब्लाझेना खो खो हसत होती. संगीतकार मरणाच्या दारात शेवटची रचना तोंडी सांगून लिहवून घेऊ लागला, तशी तिची बोटं माझ्या हातावर ताल धरायला लागली. मग अंत्ययात्रा निघाली. ढोल वाजला.

पडद्यावर सगळे रडत होते. त्या जागी भलतीच कुणी मुलगी, मान खाली घालून. लिबुशे नव्हतीच. अंत्ययात्रेतलं हसू चूक समजून दुरुस्त केलं होतं शहाण्यांनी! हॉलमधले सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ब्लाझेना मात्र मान उंच करून वाट बघत होती. मला राहवेना. मी ओरडले, "आली गं! लिबुशे आली!" मागोमाग सगळा हॉल ओरडला.

ब्लाझेना हसली नाही.

"ढोल केव्हाच वाजून गेला, द्राहा," ती म्हणाली. "काढलं ना तिला?"

"हो गं," मी म्हटलं. खोटं बोलायचं बळच उरलं नव्हतं.

सिनेमा संपला. हॉल रिकामा झाला तरी ती उठेना. मी तिचा कोट घेऊन उभी राहिले, तेव्हा तिने माझी बाही घट्ट धरली.

"खरंच हसली होती ना गं ती? की मीच आपलं मनाचं धरून बसले?"

"हसली होती," मी म्हटलं. "सगळ्या गावाने पाहिलंय."

"मग सांग मला," ती म्हणाली, "कशी हसली होती?"