शेजारणीच्या हातचा पेला

रविवारी प्रभुभोजन असलं की शनिवारी सकाळी प्रेमलताबाईंच्या स्वयंपाकघरात मनुका शिजायच्या. भिजून टपोऱ्या झालेल्या काळ्या मनुका मंद आचेवर ठेवायच्या, फुटल्या की मलमलीच्या फडक्यातून पिळून घ्यायच्या. कलकत्त्यातल्या धर्मतल्याजवळच्या त्यांच्या छोट्या प्रेस्बिटेरियन मंडळीत दारूचा थेंब यायचा नाही असा जुना ठराव होता, म्हणून येशूच्या रक्ताची आठवण म्हणून प्यायच्या द्राक्षारसाच्या जागी हा रस. आधी हे काम सासूबाईंकडे होतं, आता त्यांच्याकडे. फडकं पिळताना बोटं जांभळी व्हायची, आणि त्या जांभळ्या बोटांचा त्यांना थोडा गर्व वाटायचा. गर्व वाटला म्हणून लगेच मनातल्या मनात क्षमाही मागून घ्यायच्या. म्हणजे देवाशी व्यवहार चोख.

साल १९७४. चार वर्षांपूर्वी निरनिराळ्या मंडळ्यांचं एकीकरण होऊन वर बिशप आले होते, दारावरची पाटीही बदलली होती; आतली रीत मात्र जुनीच. कारभार पाळकांचा आणि लोकांनी निवडलेल्या 'वडिलां'चा. प्रेमलताबाईंचे यजमान श्यामकांत त्या वडिलांपैकी एक. भोजनासाठी कुणी जागेवरून उठायचं नाही. बाकांच्या पाठींवर पांढरीशुभ्र कापडं अंथरायची, म्हणजे सगळं चर्च ही एकच पंगत. वडिलांनी बाकाच्या टोकाला चांदीचा पेला द्यायचा आणि तिथून तो हातोहात पुढे जायचा. आपण प्यायचं, शेजाऱ्याला द्यायचं. देवाची कृपा शेजाऱ्याच्या हातून मिळते, असा त्यातला अर्थ. प्रेमलताबाई तो रविवारच्या शाळेत मुलांना समजावून सांगत.

त्या वर्षी मंडळीत दोन माणसं नवी आली. उज्ज्वला ही केंद्र सरकारच्या इस्पितळातली नर्स, बदलून आलेली; आणि तिची म्हातारी आई शेवंताबाई. जालन्याकडच्या. कलकत्त्यात मराठी बोलणारी ख्रिस्ती माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. प्रेमलताबाईंचा जन्मच इथला, मराठी भाषा आईवडिलांनी घरात जपलेली. त्यांची मुलगी वृंदा तर निम्मं वाक्य मराठीत सुरू करून बंगालीत उतरायची. तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला. बुधवारच्या घरगुती प्रार्थनेला त्यांनी दोघींना बोलावलं आणि कांदेपोहे केले.

"जालन्यात कुठे राहता?" पोहे वाढता वाढता त्यांनी विचारलं.

"जालन्यात न्हाई, बाई. तिथनं आत, खेडं हाय आमचं," शेवंताबाई म्हणाल्या.

"मग चर्चला जालन्याला यावं लागत असेल."

"छ्या. चर्च आमच्यातच हाय, म्हारवाड्यात. गोऱ्या सायबानं बांधलेलं. दारातनं निघालं की चर्चात."

पोस्टाला लागून घर आहे असं कुणी सांगावं, तितक्या सहज त्या बोलल्या. प्रेमलताबाईंच्या हातातला डाव क्षणभर थांबला आणि मग पुढे गेला. पोहे झाले, चहा झाला, प्रार्थना झाली. काही बिघडलं नाही. पाहुण्या गेल्यावर मात्र बशा विसळताना त्यांनी दोन बशा बाजूला ठेवल्या. का, असं कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. कुणी विचारलंही नाही.

प्रेमलताबाईंच्या आजोबांनी पुण्यात जानवं तोडून बाप्तिस्मा घेतला होता. त्या त्यागाची गोष्ट घरात इतक्या वेळा सांगितली गेली होती, की ते तुटलेलं जानवं घराण्याचा दागिनाच होऊन बसलं होतं. तीन पिढ्या ख्रिस्ती, पण 'आम्ही मूळचे कोण' हे समोरच्याला कळायला तिसरं वाक्य लागत नसे.

पुढच्या प्रभुभोजनाला शेवंताबाई नेमक्या त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. पेला आला. म्हातारीने दोन्ही हातांनी धरून घोट घेतला, आणि डोळे भरलेले असताना पेला प्रेमलताबाईंना दिला. काठावर तिच्या ओठांची ओल होती. प्रेमलताबाईंनी पेला तोंडाला लावला, ओठ घट्ट मिटून घेतले आणि तो पुढे दिला. आपण स्वतः शिजवलेला रस आपल्याच तोंडात गेला नाही, एवढं त्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी त्या श्यामकांतांना म्हणाल्या, "उज्ज्वलाच्या इस्पितळात टीबीचा वॉर्ड आहे. मंडळीत म्हातारी माणसं आहेत. एकाच पेल्यातून सगळ्यांनी प्यायचं म्हणजे..."

"ती टीबीच्या वॉर्डात आहे?"

"इस्पितळ एकच ना."

उज्ज्वला हाडांच्या वॉर्डात होती. प्रेमलताबाईंना ते पक्कं ठाऊक होतं. श्यामकांतांनी पुढे विचारलं नाही. नवऱ्याने पुढे न विचारणं ही त्या घरातली जुनी सोय होती. महिला मंडळातही प्रेमलताबाई काही फार बोलल्या नाहीत. "आपण आपलं जपलेलं बरं," इतकंच म्हणाल्या. पुढचं मंडळाने केलं.

वडिलांच्या बैठकीत प्रत्येकाला वेगळा पेला देण्याचा ठराव झटपट झाला. पाळक हालदारबाबू म्हणाले, विलायतेतसुद्धा हल्ली असंच करतात. न्यू मार्केटमधून इवले इवले काचेचे पेले आले, सुताराने भोकं पाडलेले लाकडी तबक करून दिलं. बंगाली, मराठी, अँग्लो-इंडियन, सगळ्यांना एकाच वेळी आरोग्य आठवलं. जातीचं नाव कुणी काढलं नाही. काढायची गरजच पडली नाही.

नव्या पेल्यांचं तबक पहिल्यांदा फिरलं तेव्हा शेवंताबाईंनी ते घेतलं, त्याच्याकडे पाहिलं आणि काही न उचलता शेजारणीला दिलं. त्याच्या पुढच्या भोजनालाही तसंच. आता मंडळीची शिस्त अशी, की कुणी लागोपाठ भोजन टाळलं तर वडिलांनी घरी जाऊन विचारायचं, मनात कुठलं पाप सलतंय का. पाप कुणाचं, याबद्दल शिस्तीत काही लिहिलेलं नव्हतं.

श्यामकांत निघाले तेव्हा प्रेमलताबाईही बरोबर गेल्या. एंटालीतल्या मायलेकींच्या खोलीत एक पलंग, एक स्टोव्ह आणि खिडकीत तुळशीऐवजी मिरचीचं रोप. उज्ज्वलाने पलंगावरची चादर नीट करून दोघांना बसवलं.

श्यामकांतांनी घसा खाकरला. "आजी, तुम्ही दोनदा भोजन घेतलं नाहीत. कुणाबद्दल मनात काही आहे का? विचारणं माझं काम आहे."

"कंच्या भोजनाचं म्हनता, दादा? त्या औषदाच्या डोसाच्या पेल्यांचं?"

"आई," उज्ज्वला म्हणाली.

"बोलू दे गं. घरी इचारायला आल्यात." शेवंताबाई जमिनीवर मांडी घालून बसल्या. "गावात पाटलाच्या आडावर आमी वंजळ करून बसायचो. कुनाला दया आली तर वरून पानी वतायचं. निम्मं कोपरावरून खाली जायचं. मग आमचा बाप्तिस्मा झाला. पहिल्या भोजनाला सायबाची मडम माझ्या शेजारी. तिनं घोट घेतला आन् पेला तसाच माझ्या हातात दिला. पुसला बी न्हाई. मी नुसती बघत ऱ्हायले. येशू कोन, ते मला तवा समजलं. प्रवचनानं न्हाई समजलं. आन् हितं तर प्रवचन बंगालीत. मला कळायचा त्यो पेलाच कळायचा. त्यो बी काढून घेतला."

"आजी, ते आरोग्याच्या दृष्टीने..."

"वरून वतनारी म्हनायची, सोवळं हाय. तुमी म्हना आरोग्य. पानी वरूनच येतंय."

श्यामकांतांना जिन्यावरच्या पावलांचे आवाज एकदम महत्त्वाचे वाटू लागले. ते दाराकडे पाहत बसले.

उज्ज्वला चहा गाळत होती. ती प्रेमलताबाईंकडे वळून म्हणाली, "काकू, रविवारच्या शाळेत मी घेते त्या वर्गात आता दोनच मुलं येतात. एका आईनं मला तोंडावर विचारलं, थुंकी तपासून घेतलीत का. मी हाडांच्या वॉर्डात आहे हो. हे कुठून निघालं कळत नाही. तुम्ही महिला मंडळात असता. तुमच्या काही कानावर आलं का?"

तिने मोठ्या विश्वासाने विचारलं होतं. अख्ख्या कलकत्त्यात तिला 'काकू' म्हणायला ही एकच बाई होती.

"नाही गं," प्रेमलताबाई म्हणाल्या.

चहा आला. त्यांनी तो सगळा प्यायला, तळाच्या चोथ्यासकट. चहा पिऊन पाप फिटत असतं तर बंगालात पापी उरलाच नसता.

परतताना ट्रॅममध्ये श्यामकांत म्हणाले, "बिचारी."

"मी खोटं बोलले."

"कधी?"

"दोन्ही वेळा. तुमच्याशीही आणि आत्ता तिच्याशीही."

श्यामकांतांनी तिकिटं घडी करून खिशात ठेवली. एस्प्लनेड आलं तेव्हा म्हणाले, "आता ते उकरून काय उपयोग? पेले तर आले."

पुढच्या भोजनाच्या मनुका त्यांनी शिजवल्या, पण फडकं पिळताना त्यांना प्रार्थना सुचेना. नेहमीची क्षमा जिभेवर यायची आणि तिथेच अडायची. इतक्या वर्षांत त्यांनी देवाकडे जी जी क्षमा मागितली होती ती सगळी अशा गोष्टींची, ज्यांत दुसऱ्या कुणाला काही सांगावं लागत नव्हतं.

भोजनाच्या आदल्या संध्याकाळी तयारीची उपासना असते. त्यात पाळक विचारतात: कुणी शेजाऱ्याचा अपराध केला आहे का? असेल, तर भोजनाला बसण्याआधी त्याच्याशी समेट करावा. मग सगळे माना खाली घालतात, थोडी शांतता होते आणि पाळक गीत सांगतात. त्या प्रश्नाला उत्तरही द्यायचं असतं, हे मंडळीत कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

हालदारबाबूंनी प्रश्न विचारला. माना खाली गेल्या. प्रेमलताबाई उभ्या राहिल्या. आधी त्या बंगालीत बोलल्या, आणि मग शेवंताबाईंना कळावं म्हणून मराठीत:

"उज्ज्वलाला कसलाही आजार नाही. ती हाडांच्या वॉर्डात आहे. टीबीचं मी उठवलं. मला तिच्या आईच्या तोंडचा पेला नको होता, आणि त्याचं कारण टीबी नव्हतं. जे होतं ते तुम्हालाही माहीत आहे. म्हणूनच ठराव इतका लवकर झाला."

 वडिलांच्या बाकावर श्यामकांतांनी गीतांचं पुस्तक उघडलं आणि पुन्हा मिटलं.

उपासना संपल्यावर त्या मायलेकींपाशी गेल्या. उज्ज्वला मान वर न करता म्हणाली, "काकू, मी तुम्हाला विचारलं होतं."

"आजी, मला माफ करा," प्रेमलताबाई म्हणाल्या.

"माफी देवाकडं मागा, बाई. त्याच्याकडं ती लई हाय. माझ्याकडं माझा पेला तेवढा आना."

वडील तिथेच, वेदीमागच्या खोलीत बसले. तासाभराने तोडगा निघाला, आणि तो ऐकून पुष्कळांना हायसं वाटलं. काचेचे पेले राहतील. मात्र ज्यांना चांदीचा पेला हवा असेल त्यांनी मागच्या बाकावर बसावं. पेला तिथे नेला जाईल. कुणाचंच मन मोडायला नको.

घरी श्यामकांत म्हणाले, "मिळाला ना अखेर पेला?"

"मागच्या बाकावर."

"काहीच नसण्यापेक्षा बरं."

"त्यांना गावात पाणीही मिळतच होतं," प्रेमलताबाई म्हणाल्या.

रविवारी मागच्या बाकावर तिघीच बसल्या होत्या: उज्ज्वला, शेवंताबाई आणि प्रेमलताबाई. पलीकडचा अर्धा बाक रिकामा. पुढे तबकं फिरली, काचांची बारीक किणकिण झाली. मागे पेला न्यायचं काम वडिलांनी श्यामकांतांना दिलं होतं. तुमच्याच घरातून निघालंय, तुम्हीच निस्तरा, असा त्यातला भाव.

श्यामकांतांनी पेला उज्ज्वलाच्या हाती दिला. ती प्यायली, आईला दिला. म्हातारीने दोन्ही हातांनी धरून घोट घेतला आणि काठ न पुसता पेला प्रेमलताबाईंना दिला. प्रेमलताबाईंनी काठावर जिथे ओल होती तिथेच ओठ ठेवले आणि प्यायल्या. रस त्यांना जरा जास्तच गोड लागला. मनुका आणखी थोडं पाणी घालून शिजवायला हव्या होत्या.

आता पेला शेजाऱ्याला द्यायचा. शेजारी कुणी नव्हतं. श्यामकांत बाकाला वळसा घालून आले आणि पेला परत न्यायला त्यांनी तो आणलेलं तबक पुढे केलं.

प्रेमलताबाईंनी पेला तबकात ठेवला नाही. त्यांच्यापुढे धरला.

"घ्या," त्या हलकेच म्हणाल्या.

"आम्हा वडिलांचं शेवटी असतं," ते कुजबुजले. "आमचे पेले पुढे टेबलावर आहेत."

"हा इथे आहे."

पुढच्या बाकांवरच्या काही माना वळल्या. मग आणखी काही. हालदारबाबू टेबलापाशी थांबून राहिले. पेल्यात रस थोडाच उरला होता, पण लांब धरलेला पेला जड होत जातो.  शेवंताबाईंनी आपला तळवा प्रेमलताबाईंच्या कोपराखाली लावला. श्यामकांत एकदा पेल्याकडे पाहत होते, एकदा वळून पुढच्या बाकांकडे, की तिथून कुणी हो म्हणतंय का. त्या बाकांवर हे वाचणारे आपणही बसलो आहोत, आणि आपण अजून काही म्हटलेलं नाही.